हजेरीपटाबाहेरची मुले आणि नामदार गोखले

शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे आठवड्यामागून आठवडे गैरहजेरीची खूण पडत जाते, तेव्हा त्या मुलाचे काय करावयाचे, हा प्रश्न लोकशिक्षणाची जबाबदारी पत्करणाऱ्या प्रत्येक सरकारपुढे केव्हा ना केव्हा उभा राहिला आहे. त्याला बहुतेक ठिकाणी सुचलेले उत्तरही एकच: कायदा करावा, हजेरी सक्तीची करावी, आणि जे पालक मुलांना शाळेत धाडणार नाहीत त्यांना दंड करावा. उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते अपुरे आहे. मूल शाळेत का येत नाही याचा शोध न घेता केवळ ते आले नाही एवढ्याच गुन्ह्याची नोंद करणारा कायदा शेवटी गरिबावर आणखी एक कर बसवून थांबतो. या देशाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात शाळेतील हजेरीचा प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथम मांडणाऱ्या पुरुषाला ही गोष्ट पुरती उमगली होती. त्याचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तो पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचे नाव घेतले की नेमस्तांचे राजकारण, अंदाजपत्रकावरील भाषणे, भारत सेवक समाज आणि गांधीजींनी त्यांना दिलेले राजकीय गुरूचे स्थान या गोष्टी आठवतात. त्या खऱ्याच आहेत. तथापि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ज्या एका कामासाठी त्यांनी आपली सारी शक्ती पणाला लावली ते काम प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचे होते, आणि त्याचे मूळ त्यांच्या स्वतःच्या घरात होते.

दोघा भावांचे शिक्षण

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी, आजोळी, गोखले यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूर भागातील कागल येथे नोकरीस होते. कारकुनीपासून चढत चढत ते फौजदारापर्यंत पोहोचले होते. थोरला गोविंद आणि धाकटा गोपाळ ह्या दोघा मुलांचे प्रारंभीचे शिक्षण कागलला झाले आणि पुढे त्यांना कोल्हापुरास ठेवण्यात आले. १८७९ मध्ये कृष्णराव वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता, गोविंद अठरा वर्षांचा. घरात शिल्लक अशी नव्हतीच. दोघांपैकी एकानेच शिकावे हे परिस्थितीने ठरवून टाकले, आणि कोणी शिकावे हे गोविंदरावांनी ठरविले. त्यांनी आपले शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्या पंधरांतले आठ रुपये धाकट्या भावास कोल्हापुरास पाठविण्याचा परिपाठ ठेवला. उरलेल्या सात रुपयांत संसार चालला. पुढे कॉलेजच्या खर्चाची वेळ आली तेव्हा गोविंदरावांच्या पत्नीने आपले दागिने पुढे केले.

हा प्रसंग मराठी वाचकांना पाठ्यपुस्तकांतून ठाऊक आहे. बंधुप्रेमाचा आदर्श म्हणून तो सांगितला जातो. पण त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. एका भावाची शाळेतील जागा राहावी म्हणून दुसऱ्या भावाची जागा रिकामी झाली, हा त्या आदर्शाचा हिशेब आहे. गोविंदरावांना अभ्यासाची नावड होती म्हणून किंवा त्यांच्या घरी विद्येची किंमत नव्हती म्हणून ते शाळेबाहेर गेले नाहीत. घरात मिळवते माणूस उरले नाही, एवढेच कारण त्याला पुरेसे झाले. गैरहजर मुलाच्या पालकाला बेफिकीर ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विद्येचा वारसा मानणाऱ्या घराची ही कथा असेल, तर पिढ्यान् पिढ्या विद्येपासून दूर ठेवल्या गेलेल्या कुणब्याच्या, बलुतेदाराच्या किंवा अस्पृश्याच्या घरी काय होत असेल हे निराळे सांगावयास नको.

१८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळात पदवीधराला सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट खुली होती, आणि भावाच्या ऋणाची जाणीव असलेल्या तरुणाने ती धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु १८८५ च्या आरंभी गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. फर्ग्युसन कॉलेजातून १९०२ साली त्यांनी निरोप घेतला तोवर सुमारे सतरा-अठरा वर्षे ते वर्गात उभे होते. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक कामाचे आणि आकडेशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे कायदेमंडळात सरकारी सदस्यांना धडकी भरविणारा जो आकड्यांचा नेमकेपणा दिसला तो गणिताच्या ह्या मास्तराचाच होता.

मागणीकडून मसुद्याकडे

१८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर गोखले निवडून गेले. प्राथमिक शिक्षणाची स्थिती त्या वेळी काय होती हे सांगण्यास विरोधकाची गरज नव्हती. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४ साली काढलेल्या शैक्षणिक ठरावातच कबूल केले होते की, दर पाच खेड्यांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, चार मुलग्यांपैकी तीन शिक्षणावाचून वाढतात आणि चाळीस मुलींपैकी एकच शाळेत जाते.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी नवी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले होते. सयाजीराव गायकवाड महाराजांनी तर ते करूनही दाखविले. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग आणि १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात सक्ती, असा त्यांचा क्रम होता. गोखले यांनी पुढे कायदेमंडळात तुलना मांडली तेव्हा बडोद्यात लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले शाळेत होती, तर ब्रिटिश हिंदुस्थानात हे प्रमाण १.९ टक्के होते. राज्य एतद्देशीय राजाचे आणि प्रजाही तशाच गरीब शेतकऱ्यांची. मग जे तेथे साधले ते येथे का साधू नये, हा प्रश्न सरकारला अवघड जाणारा होता.

१८ मार्च १९१० रोजी गोखले यांनी याविषयीचा ठराव मांडला. विचार करण्याच्या आश्वासनावर तो मागे घेतला. आश्वासनाचे फळ दिसेना तेव्हा सुमारे वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, त्यांनी स्वतःचे विधेयकच सभागृहापुढे ठेवले. इंग्लंडचे १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडचा १८९२ चा असे शिक्षणविषयक कायदे त्यांनी नमुन्यासाठी घेतले होते. हा आधार विचारपूर्वक निवडलेला होता. इंग्लंडने आधी शाळा उभारण्याची जबाबदारी स्थानिक मंडळांवर टाकली, सक्ती करावी की नाही हे प्रथम त्यांच्याच मर्जीवर सोडले, १८८० मध्ये ती सर्वत्र लागू केली आणि १८९१ मध्ये फी बहुतांशी उठविली. शाळा आधी आणि दंड मागाहून, हा तो क्रम होता.

मसुद्यातील विवेक

या विधेयकाची कलमे आज वाचली तरी त्यांतला विचार शिळा वाटत नाही. सक्ती सरसकट लागू व्हावयाची नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला ती हवी असेल तिने सरकारच्या संमतीने आपल्या क्षेत्रापुरती ती जाहीर करावयाची होती. आणि तेही त्या भागातील ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच. हे प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत ३३ टक्के असावे असे गोखले यांचे म्हणणे होते. सक्तीचे वय सहा ते दहा. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने आणि एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा. सर्व मुलग्यांना शिक्षणाखाली आणण्यास वर्षाला सुमारे साडेचार कोटी रुपये जादा लागतील आणि तो बोजा दहा वर्षांत हळूहळू येईल, असा त्यांचा अंदाज होता.

परंतु या मसुद्याचे खरे मर्म गैरहजेरीविषयीच्या तरतुदींत आहे. मूल शाळेत न येण्यास वाजवी कारण कोणते, हे त्यात सांगितले होते. घरापासून एक मैलाच्या आत मान्य शाळा नसेल, तर पालक दोषी नाही. मूल आजारी असेल, घरात अडचण असेल, शेतीच्या हंगामाची निकड असेल, तर पालक दोषी नाही. पेरणी-कापणीच्या दिवसांत कुणब्याचे पोर शेतात दिसते ते त्याच्या बापाला विद्येचा तिटकारा आहे म्हणून नव्हे, हे समजून हा कायदा लिहिला गेला होता. गैरहजेरीची चौकशी पोलिसाने करावयाची नव्हती. त्यासाठी स्थानिक हजेरी समिती नेमावयाची, तिने पालकास समज द्यावयाची, आणि त्यानंतरही तो ऐकेनासा झाला तरच मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावयाची. दंड होता, पण किरकोळ आणि शेवटच्या पायरीवर. शिवाय तो एकट्या पालकालाच नव्हता. शाळेच्या वेळात मुलाला कामाला जुंपणाऱ्या मालकालाही कायद्याने गाठावयाचे होते. गैरहजेरीपासून ज्याला फायदा मिळतो त्याच्याकडे जे कायदे डोळेझाक करतात, त्यांच्याहून हा मसुदा याच एका कलमाने निराळा ठरतो.

विधेयकाच्या उणिवाही झाकण्याचे कारण नाही. मुलींचा विचार त्यात पुढच्या टप्प्यावर ढकललेला होता. तेहतीस टक्क्यांची अट घातल्यामुळे जे भाग सर्वांत मागासलेले, जेथे शाळाच कमी, तेथे सक्ती सर्वांत उशिरा पोहोचणार होती. अस्पृश्यांच्या मुलांना वर्गाबाहेर किंवा व्हरांड्यात बसविणाऱ्या शाळेत हजेरी सक्तीची करून काय साधणार, या प्रश्नाला मसुद्यात उत्तर नव्हते. फुल्यांच्या मागणीतील धग या सावध मसुद्यात नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सरकारला नाही म्हणण्यास सबबच उरू नये अशा बेताने गोखले यांनी पाऊल टाकले होते; आणि तरीही सरकारने नाहीच म्हटले.

पराभव

विधेयक देशभर मतासाठी फिरविण्यात आले. काँग्रेसने त्याला पाठिंबा दिला. प्रांतिक सरकारांचे अभिप्राय मात्र प्रतिकूल आले. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी, विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे या गोखले यांच्या प्रस्तावावर चर्चा झाली. शिक्षण खात्याचे सदस्य सर हार्कोर्ट बटलर यांनी सरकारची बाजू मांडली. लोकांची तयारी नाही, पैसा नाही, शिकविलेले शिक्षक नाहीत, सक्तीपेक्षा खुशीने होणारा प्रसार बरा, असा एकंदर सूर होता. काही जमीनदार सदस्यांनाही हे विधेयक नको होते. शेतावरची स्वस्त माणसे शाळेत जाऊन बसली तर काम कोणी करावयाचे, ही धास्ती त्या विरोधामागे नव्हती असे म्हणवत नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि महंमदअली जिना हे एरवी दूरच्या वाटांनी गेलेले दोन नेते त्या दिवशी गोखले यांच्या बाजूस होते. मतमोजणी झाली: अनुकूल १३, प्रतिकूल ३८.

हा निकाल गोखले यांना अनपेक्षित नव्हता. सभागृहातच त्यांनी सांगून टाकले होते की, विधेयक पडणार हे आपण जाणतो. ते पुन्हा पुन्हा येत राहील आणि आपल्या पिढीने अपयशातून देशाची सेवा करावयाची आहे हे आपण मान्य केले आहे. मधुमेहाने शरीर पोखरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेस गेले, परत येऊन सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाच्या कामात बुडाले, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत ब्रिटिश हिंदुस्थानातल्या एकाही गावात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला नव्हता.

मसुद्याचे पुढले आयुष्य

परंतु पडलेल्या विधेयकानेच पुढचा रस्ता आखून दिला. ज्या कागलमध्ये गोखले यांनी अक्षरे गिरविली त्याच कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. पण दंडावर भिस्त ठेवून महाराज स्वस्थ बसले नाहीत. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी १९०१ पासूनच वसतिगृहे उभी केली होती, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. गोखले यांच्या मसुद्यात जी जागा कोरी राहिली होती ती शाहू महाराजांनी भरली.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला आणि पाठोपाठ इतर प्रांतांतही तसे कायदे आले. त्यांचा सांगाडा बहुतांशी गोखले यांचाच होता. सक्ती मात्र पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिली. १९२९ च्या हार्टोग समितीने दाखवून दिले की, १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले १९२५-२६ साली चौथीत होती. उरलेली ब्याऐंशी कोठे गेली याचे उत्तर दंडाच्या पावत्यांत सापडण्यासारखे नव्हते. शाळा दूर होती, शिक्षक एकटा होता, घरी काम होते, आणि शिकून काही पदरी पडते असा अनुभव नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्वांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती मुदत टळून गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत आला, आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सक्ती या शब्दाचा अर्थच पालटला. मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचे प्राथमिक शिक्षण पुरे होणे या तिन्ही गोष्टींची हमी सरकारने द्यावयाची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण ते चुकल्यास दंड सांगितलेला नाही. गैरहजर मुलाबद्दल आता प्रथम जाब विचारावयाचा तो सरकारला. गोखले यांचे एक मैलाचे कलम ज्या दिशेने बोट दाखवीत होते तेथे कायदा पोहोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कायद्यातली ही जाणीव व्यवहारात कितपत उतरते हा निराळा प्रश्न आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा गावच्या शाळेतील रांगा विरळ होतात. महाराष्ट्रात या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. आजी-आजोबांच्या किंवा नातलगांच्या आधाराने मूल गावीच राहावे, त्याची शाळा चुकू नये, हा तिचा हेतू. शेतीच्या हंगामाची निकड हे जे कारण गोखले यांनी कलमात लिहिले होते, त्याला दंड हे उत्तर नसून सोय हे उत्तर आहे, हे अशा योजनेमागचे तत्त्व. उलट २०१७ मध्ये कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचे ठरले, तेव्हा जवळची शाळा म्हणजे सहा वर्षांच्या पोराच्या पायांनी किती जवळची, हा प्रश्न वाड्या-वस्त्यांवरून विचारला गेला. शाळा लांब नेऊन मग हजेरी कमी झाल्याची खंत करणे हे राज्यकर्त्यांना शोभत नाही.

दीर्घ गैरहजेरीवर कडक कायद्याचा इलाज सुचविणारे लोक पूर्वी होते आणि पुढेही असतील. कायदा नको असे कोणी म्हणणार नाही. गोखले यांनी तर सरकार प्रतिकूल असताना कायदाच मागितला होता. पण त्यांच्या मसुद्यातला क्रम उलटा करून चालणार नाही. शाळा जवळ आली, फी गेली, हंगाम ध्यानात घेतला, मुलाला राबविणाऱ्या मालकाला आवर घातला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या समितीने समजावून पाहिले, की मग जो पालक उरेल त्याला कायद्याने खुशाल गाठावे. त्या वेळी असे पालक फार थोडे उरलेले आढळतील. पंधरा रुपयांतले आठ रुपये दुसऱ्याच्या शिक्षणासाठी धाडणाऱ्या गोविंदरावांना शाळा सोडल्याबद्दल दंड करून कोणाचेही कल्याण झाले नसते. त्यांच्या घरी आणखी पंधरा रुपयांची सोय झाली असती, तर कदाचित दोन गोखले शिकले असते.